आईच्या चष्म्याची तक्रार

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

एक तास वीस मिनिटं. मी दोनदा घड्याळ बघून खात्री केली. मीरा रोडच्या त्या चष्म्याच्या दुकानात आम्ही एवढा वेळ नुसते बसून होतो, आणि दुकान काही भरलेलं नव्हतं.

आईच्या जुन्या चष्म्याची दांडी दिवाळीतच तुटली. स्टेशनबाहेर दोरीवर टांगून विकतात, त्यातला होता तो. दोरा बांधून चाललं होतं. पण आता लग्नसराईचा माल आलाय. झुमक्यांत खडे चिकटवायचं काम तुटक्या चष्म्याने होत नाही. म्हटलं, या वेळी नंबर काढून, चांगल्या दुकानातून घेऊ. मीच म्हटलं. आई म्हणत होती, “दोरीवरचाच आण. मला चालतो.”

आत शिरलो तर कोणी ‘या’ म्हणालं नाही. एक जण आला, माझ्या चपलांकडे बघून परत गेला. काउंटरमागच्या माणसाने फोनमधून मान न काढता बाकाकडे बोट केलं. आमच्यानंतर आलेल्या जोडप्याला पाणी विचारलं. आम्हाला नाही.

तपासणीच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. आतला माणूस काय वाचतो ते बाहेर बाकावर सगळं ऐकू येतं. आमच्या आधी एक मोठ्या आवाजाची बाई होती. तिने भिंतीवरच्या सगळ्या ओळी वाचल्या, हातातलं बारीक अक्षरांचं कार्डसुद्धा, काच बदलून पुन्हा पुन्हा. आपल्या डोळ्यांची गोष्ट अशी चारचौघांनी का ऐकावी? हे मी लक्षात ठेवलं आहे. तक्ता हिंदी अक्षरांचा होता, तेवढी एक गोष्ट बरी.

तपासणारी मुलगी माझ्याच वयाची. छातीवर नाव — स्नेहल. मी आत जायला उठलो तर आईनेच थांबवलं. “तू बस. मी काय लहान आहे?” आतून मुलीचा आवाज, “चला आंटी, पटपट बोला, बाहेर लाइन आहे.” लाइन म्हणजे एक माणूस! तेवढ्यात मला काउंटरवर पावतीसाठी बोलावलं, म्हणून आई काय वाचते ते मला ऐकू आलं नाही. चार मिनिटांत बाहेर.

पावतीवर आईचं नाव चुकीचं टाइप केलं होतं. मी दुरुस्त करायला लावलं. त्या माणसाने असा सुस्कारा सोडला, जसं काही मी त्याला भिंत पाडून पुन्हा बांधायला सांगितली.

चष्मा पाच दिवसांनी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवस झाले. मेसेज नाही. फोन केला — गाणं वाजलं, मग कट. पुन्हा केला. पुन्हा तेच गाणं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चष्मा मिळाला. चार दिवस उशिरा, तोही मीच गेलो म्हणून. खोक्यात पडून होता. “मेसेज नहीं आया? सिस्टम का प्रॉब्लेम होगा.” प्रॉब्लेम नेहमी सिस्टमचा असतो. सिस्टमला कोणी काही बोलत नाही.

आईला तपकिरी फ्रेम शोभते. शेजारच्यांनीही म्हटलं. पण रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच तिने चष्मा काढून कपाळ दाबलं. मी विचारलं, “दिसतंय ना?”

“दिसतंय की.”

मी ताटातले झुमके बघितले. एका झुमक्याला सोळा घरं असतात. तीन घरांत खडाच नव्हता, आणि गोंद घराबाहेर लागला होता. आई असं काम करत नाही. बावीस वर्षांत मी तिला असं काम करताना बघितलं नाही — म्हणजे मला आठवतं तेवढ्यात.

तिचं लक्ष नव्हतं तेव्हा ते झुमके बाजूला काढले आणि स्वतः दुरुस्त करायला बसलो. दोन बिघडवले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हंसाबेन दोन पाकिटं परत घेऊन आल्या. आमच्या अख्ख्या नवघरमध्ये पन्नास-साठ घरांत त्या माल वाटतात. परत आणायला स्वतः कधी येत नाहीत. आज आल्या.

दारातच उभ्या राहिल्या. चप्पल काढली नाही. “कांताबेन, ये क्या है? तुमच्या हातचा माल मी न बघता पुढे देते. न बघता! व्यापारी ने मेरे मुँह पे मारा.”

आई म्हणाली, “नवीन चष्मा आहे, बेन. सवय व्हायचीय.”

“सवय जल्दी करो. आता लगन चालू झाले. पंधरा डिसेंबरला बांगड्यांचा मोठा माल येतो, बारीक खडा. तोपर्यंत ठीक झालं तर तुमचा. नाहीतर मी दुसरीला देणार, मग वाईट नाही वाटून घ्यायचं.”

त्या वाईट नाहीत. पप्पा गेले तेव्हा तीन महिने त्यांनीच आईला सगळ्यात जास्त माल दिला होता. म्हणूनच ते पंधरा डिसेंबर खरं वाटतं. आणि एकदा काम दुसरीला लागलं की परत येत नाही, हे इथे सगळ्या बायकांना माहीत आहे. आईला घरबसल्या दुसरं काम येत नाही. बाहेरच्या कामाला तिचा गुडघा तयार नाही.

चष्मा बदलून घ्यायचा. बस.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी काम करतो त्या मेडिकलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. आईला घेऊन पुन्हा दुकानात.

काय काय झालं ते क्रमाने लिहितो, नंतर उपयोगी पडेल. पहिला माणूस — “डिलिव्हरी काउंटर से पूछो.” डिलिव्हरी काउंटर — “ये तो टेस्टिंग का मॅटर है.” टेस्टिंगची मुलगी जेवायला गेलेली. आम्ही उभे. बाकावर ऑफरच्या पिशव्या ठेवल्या होत्या, म्हणून उभे. चाळीस मिनिटं. आईने गुडघा धरला तेव्हा मी त्या पिशव्या स्वतः उचलून खाली ठेवल्या. लगेच एक जण धावत आला. पिशव्यांसाठी!

मग स्नेहल आली. मी मराठीत बोललो तशी तीही मराठीत आली. कागद बघितला. “नंबर बरोबर आहे. सवय होईल. आठवडाभर घालू दे.”

“आठवडा झाला नाही, पण खडे दिसत नाहीत तिला.”

“मग घालत नसतील नीट. आंटीने सगळं वाचलं होतं, दादा. शेवटची ओळसुद्धा. कार्डपण वाचलं. मी काय मनाने नंबर टाकणार?”

शेवटची ओळ मी आज पडद्याआडून बघितली. मला स्वतःला ती तिथून वाचता येत नव्हती. तर आईला कशी येईल? मी तसं म्हटलं. ती म्हणाली, “मग तुम्हीपण तपासून घ्या, ऑफर आहे.” काउंटरवरचे दोघे हसले.

आई माझा शर्ट मागून ओढत होती. “चल साई. चल म्हणते ना.”

कान अजून गरम आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमच्या मेडिकलमध्ये चौक गावाहून एक म्हातारे कोळी आले. बस बदलून आले होते. बायकोच्या गोळ्यांची पट्टी परत करायची होती, अर्धी कापलेली. मी इंजेक्शनचं चलान तपासत होतो. नावं सारखी असतात, एका अक्षराने औषध बदलतं, म्हणून मी तेव्हा मान वर करत नाही. म्हटलं, “कापलेली पट्टी परत होत नाही.”

ते उभेच. मी पुन्हा तेच म्हटलं.

“न्हाय तं न्हाय,” ते म्हणाले. “पन वर बघून बोल ना. इतक्या लांबशी आलो, त्वांड तरी दाखव.”

जितेंद्रभाई गल्ल्यावर बसून ऐकत होते. मालक असून मला काही बोलले नाहीत. नुसतं हसले.

मी दिवसभर विचार करतोय. ‘परत होत नाही’ हे वाक्य मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या मुलीलाही ‘सवय होईल’ हे कोणीतरी शिकवलं असेल. वाक्य तयार असलं की माणसाकडे बघावं लागत नाही. ते समोरचं तोंड बंद करायला असतं आणि आपलं काम चालू ठेवायला.

पण माझ्या वाक्याने कोणाचं काम गेलं नाही. तिच्याने जाणार आहे. हा फरक आहे. आहे ना?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी लवकर निघून पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर सदूभाऊंच्या दुकानात गेलो. लहान दुकान, एक खुर्ची, एक मशीन. पप्पांचा चष्मा त्यांनीच केला होता. त्यांनी आईचा चष्मा मशीनवर ठेवला, आकडे लिहिले, मी दिलेल्या नंबरच्या कागदाशी ताडले.

“काच बरोबर आहे रे. कागदावर आहे तीच आहे.”

मला वाटलं होतं काच बदलली असणार. डावी-उजवी झाली असणार. मी दोन रात्री तेच धरून बसलो होतो.

“मग दिसत का नाही?”

“काच कागदासारखी. कागद डोळ्यासारखा नसेल. फार कमी नंबर आहे हा, बारीक कामाला या वयात पुरायचा नाही. आईला घेऊन ये, मी बघतो. एक पैसा नको.”

घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, “बघू.” मग म्हणाली पोळी खा. मग म्हणाली गुडघा दुखतो, पश्चिमेला पूल चढून कोण जाणार.

म्हणजे तपासणीच चुकली. चार मिनिटांची तपासणी. आणि ती मुलगी सांगते आईने शेवटची ओळ वाचली. सरळ खोटं.

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरी फेरी. या वेळी मी मॅनेजर मागितला. टाय लावलेला माणूस आला. माझ्यापुढे हात बांधून उभा राहिला, जसं मी शाळेत उशिरा आलोय.

मी सगळं तारखांसकट सांगितलं. वहीत लिहून नेलं होतं. वही बघून तो जरा गडबडला. म्हणाला, “ठीक है सर, पॉलिसी में नहीं है, पर री-टेस्ट कर देते हैं. स्नेहल, आंटी को बिठाओ.”

जिंकलो असं वाटलं. एक क्षणच.

आई बसेना.

“नको. माझं डोकं दुखतंय.”

“आई, दोन मिनिटं.”

“नको म्हटलं ना. एवढ्या लोकांत नाही बसायचं मला.”

बाकावर पाच-सहा जण होते. सगळे आमच्याकडे बघत होते. स्नेहल पडदा धरून उभी. मॅनेजरने खांदे उडवले. “देखिए सर. हम तो रेडी हैं.”

रिक्षात मी आईवर ओरडलो. रस्त्यात. मी असा ओरडत नाही. “तुझ्यासाठीच भांडतोय ना मी? आणि तूच तोंडावर पाडतेस!” ती बाहेर बघत राहिली.

नंतर समजलं मला. त्यांनी तिला एवढं घालून पाडून बोलायचं, उभं ठेवायचं, हसायचं, आणि मग बोलावलं की तिने जाऊन बसायचं? तिचं बरोबर आहे. अपमान झालाय तिचा. मला आधी कळायला हवं होतं.

आता लेखीच.

१ डिसेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्यात राग जास्त होता. दुसऱ्यात तारीख चुकली. तिसऱ्यात खाडाखोड. चौथं स्वच्छ आहे. दोन पानं, सात मुद्दे: उशीर, पडदा, उभं ठेवणं, हसणं, सगळं.

मी अकरावी अर्धवट सोडली, पण माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही. ही सवय आईची. मी लहान असताना ती रोज एक पान शुद्धलेखन लिहायला लावायची. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली, पण वही हातात घेऊन सगळं पान बघायची. ओळ जरा वाकडी झाली, अक्षर रेषेखाली घसरलं, की पुन्हा लिही. रडलो तरी पुन्हा लिही. माझ्या बहिणीला, संचिताला, कधी एवढं केलं नाही, ती धाकटी म्हणून सुटली.

पत्र आईला वाचून दाखवलं. पाचव्या मुद्द्यापर्यंत ती खडे वेचत होती. पाचवा असा: “आपल्या कर्मचारी स्नेहल यांनी तपासणी निष्काळजीपणे केली आणि माझ्या आईने सर्व ओळी वाचल्या असे खोटे सांगितले.”

तिचे हात थांबले. “त्या पोरीचं नाव कशाला?”

“नाव नसेल तर कोण लक्ष देणार?”

“तिने काय मुद्दाम केलं का?”

“आई, ती खोटं बोलली. तू शेवटची ओळ वाचलीस का?”

तिने चिमट्यात धरलेला खडा परत वाटीत टाकला. “काय आठवतंय मला आता.”

पावती तिच्या नावावर, म्हणून सही तिची लागते. म्हटलं, एकदा स्वतः वाच, मग कर. ती म्हणाली, “या चष्म्यातून काय वाचू? तू लिहिलंस ना, बरोबरच असणार.” आणि सही केली. सावकाश, कांता. नेहमीसारखी.

३ डिसेंबर, बुधवार

पत्राची एक प्रत दुकानात दिली, शिक्का घेतला. दुसरी कंपनीच्या मुख्य ऑफिसला ईमेलने. पाठवायच्या आधी पत्ता तीनदा तपासला. पाठवल्यावर पुन्हा तपासला.

मॅनेजर म्हणाला, “सर, नाम लिखने की क्या ज़रूरत थी?” सगळे हेच का विचारतात?

५ डिसेंबर, शुक्रवार

आणखी एक पाकीट परत आलं. या वेळी हंसाबेन आल्या नाहीत, माणूस पाठवला. हे जास्त वाईट.

दहा दिवस राहिले. रात्री संचिता आणि मी आईच्या वाटणीचे झुमके घेऊन बसलो. आई म्हणाली, “झोपा. तुमच्या हातचं ओळखतात त्या.”

सदूभाऊंकडे चल म्हटलं. “बघू.”

७ डिसेंबर, रविवार

ईमेल आला! मुख्य ऑफिसमधून. तीनदा वाचला. त्यांनी माफी मागितली आहे. पैसे परत किंवा नवीन काचा, जे आम्हाला हवं ते. आणि: संबंधित कर्मचाऱ्याला तपासणीच्या कामातून दूर केले असून पुढील चौकशी सुरू आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मी काही लिहिलं आणि कोणीतरी ते वाचून काही केलं. आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल.

“दूर केलं म्हणजे? काढलं तिला?”

“अजून नाही. चौकशी आहे.”

“मग काढतील.”

“काढू दे की. तिच्यामुळे तुझं काम जायची वेळ आलीय.”

आई परातीत पीठ मळत होती. तशीच बसून राहिली, हात पिठात. संचिता म्हणाली, आई, मी मळते. तरी उठली नाही.

आत्ता, जेवणं झाल्यावर, माझ्याजवळ येऊन बसली. “साई, भाईंदरला ते धर्मादाय डोळ्यांचं हॉस्पिटल आहे ना, बुधवारी बघतात, तिथे मला ने.”

“सदूभाऊंकडेच जाऊ, जवळ—”

“नको. ओळखीचं कोणी नको.” मग, “आणि तू आत ये. बाहेर थांबू नकोस.”

म्हटलं, येईन. तिला भीती वाटत असेल. पुन्हा कोणी घाई करेल म्हणून.

१० डिसेंबर, बुधवार

तपासणाऱ्या ताईंनी वर बघून विचारलं, “मावशी, अक्षरं वाचणार की बोटं दाखवणार?” सगळ्यांनाच विचारत होत्या. तीन दांड्यांची एक खूण असते, तिचं तोंड जिकडे, तिकडे आपली तीन बोटं करायची.

मी म्हणालो, “अक्षरं.”

आई म्हणाली, “बोटं.”

तिला वरच्या तीन ओळी दिसल्या. चौथीला तिची बोटं हवेतच राहिली. सावकाश, न घाबरता, “इथून नाही दिसत, ताई.” नंबर दुपटीहून जास्त निघाला.

बाहेर पायरीवर बसलो. तीच म्हणाली, “शाळेचं तोंड नाही बघितलं मी. चौथी म्हणून तुझ्या पप्पांना सांगितलं होतं, लग्नात. मग तेच चाललं. त्या दिवशी दुकानात आपल्या आधीची बाई वाचत होती, ते बाकावर ऐकून सगळं पाठ झालं, तेच म्हटलं. कार्डपण. त्या पोरीने ऐकलं ते लिहिलं.”

हॉस्पिटलचा कागद तिने माझ्या हातात दिला.

“चष्म्याचं नंतर बघ. आधी दुकानात जा, ती पोरगी खोटं बोलली नाही म्हणून लिहून दे. का ते विचारलं तर माझं नाव सांग.”

मी उठलो. ती पायरीवरच बसून राहिली. म्हणाली, “आणि लिहिलेलं आधी मला वाचून दाखव. सगळं.”